रस्ता मंजूर होतोय? मग अंदाजपत्रक आधी बघा

गावात नवा डांबरी रस्ता झाला की नारळ फुटतो, फोटो निघतात आणि दोन-तीन महिन्यांत शाळेजवळच्या वळणावर पहिली दुचाकी घसरते. रस्ता खड्ड्यांचा होता तेव्हा तिथून कुणी तीसच्या वर गाडी नेतच नव्हतं. आता साठनं जातात. वळण मात्र तेच आहे, मोरी तेवढीच अरुंद आहे आणि मोरीला कठडा तेव्हाही नव्हता, आजही नाही. मग गाव जमतं, निवेदन देतं, ‘गतिरोधक बसवा, फलक लावा’ म्हणतं. कार्यालयातून उत्तर येतं, निधी उपलब्ध नाही.

राग येतो, पण हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. त्या कामाचं अंदाजपत्रक कधीच मंजूर झालेलं असतं, काम संपलेलं असतं, बिल निघालेलं असतं. आता दहा फलकांसाठी नवं काम, नवी मान्यता आणि नवा पैसा लागणार. स्थानिक रस्त्यांना सरकारी पैसा येतो तो रस्त्याच्या नावानं. सुरक्षेच्या नावाची वेगळी थैली गावपातळीवर जवळपास नसतेच. म्हणून सुरक्षेची मागणी रस्ता झाल्यावर करण्यात फारसा अर्थ नाही. अंदाजपत्रक तयार होत असताना ती त्यात शिरली पाहिजे. ती कशी शिरवायची, ते इथं सांगतो.

गावरस्त्यावर कसले अपघात होतात, ते तर महामार्गावर होतात, असं तुम्हाला कुणी सांगेल. त्यांच्यासाठी केंद्र सरकारचेच आकडे पुरे आहेत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर आणि ४१,०१२ राज्य महामार्गांवर. उरलेली ६६,४४१ माणसं बाकीच्या रस्त्यांवर गेली, म्हणजे जिल्हा मार्ग, गावरस्ते आणि शहरांतल्या रस्त्यांवर. दहातले जवळपास चार मृत्यू या रस्त्यांवर झाले. समृद्धी महामार्गावरचा अपघात पहिल्या पानावर येतो, गावरस्त्यावरचा तालुक्याच्या पानावरही येईल याची खात्री नसते. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जण गेले. देशभरात मरणाऱ्यांत दुचाकीवरचे साधारण ४४ टक्के आणि पायी चालणारे एक पंचमांशाच्या आसपास. दुधाची किटली अडकवून डेअरीला निघालेला माणूस आणि दप्तर घेऊन शाळेला चाललेलं पोर हे यातच मोजले जातात.

आधी रस्ता कोणाचा ते ठरवा

निम्मी निवेदनं चुकीच्या टेबलावर जातात आणि तिथंच राहतात. महाराष्ट्रात रस्त्यांची उतरंड ठरलेली आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. अभियंत्यांच्या बोलण्यात याचं रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा होतं. ढोबळ हिशेब असा की राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या आणि शहरात नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या. कडेचा किलोमीटरचा दगड पाहिला तरी अंदाज येतो. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्गाचा, नारिंगी डोक्याचा ग्रामीण रस्त्याचा.

पण दगडावर विसंबू नका. मध्येच रस्त्याची दर्जोन्नती झालेली असते, म्हणजे काल जिल्हा परिषदेचा असलेला रस्ता आज बांधकाम विभागाकडे गेलेला असतो आणि दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. तालुक्याच्या ठिकाणी जाऊन शाखा अभियंत्याकडून रस्त्याचा क्रमांक आणि साखळी क्रमांक लिहून घ्या. साखळी म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, उदाहरणार्थ कि.मी. ३/२०० ते ३/७००. ‘मारुतीच्या देवळाजवळचं वळण’ हे गावाला कळतं, पण अंदाजपत्रक साखळीवर चालतं.

रस्त्याला क्रमांकच नसेल तर तो योजनाबाह्य रस्ता झाला आणि बहुतेक योजनांचा पैसा त्याला लागत नाही. अशा वेळी ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना २३ काढायला लावा. ती ताब्यातील रस्त्यांची नोंदवही. ‘रस्ता तेवीस नंबरला आहे का?’ हा प्रश्न ग्रामसेवकाला विचारला (त्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) की पुढच्या निम्म्या गोष्टी उलगडतात. नोंद नसेल तर आधी ठराव करून नोंद करून घ्या, निधीचं मागाहून बघू.

पैसा कोणत्या वाटांनी येतो

रस्त्यासाठी पैसा मागणं म्हणजे सरकारपुढे हात पसरणं, असं आपल्याकडे उगाच वाटतं. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले तेच जयकर. पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांसाठीच बाजूला ठेवा, अशी शिफारस या समितीनं केली. त्यातून १९२९ साली रस्ते निधी उभा राहिला. २००० साली त्यासाठी केंद्रीय रस्ते निधी कायदा झाला. आता त्याचं नाव केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी असं लांबलं असलं तरी बांधकाम खात्यात तो अजून ‘सीआरएफ’च आहे. पंपावर तुम्ही भरलेल्या उपकरातून हा निधी उभा राहतो. तेव्हा संकोच सोडा.

गावाच्या रस्त्यापर्यंत येणारे पैसे मुख्यतः लेखाशीर्षांच्या नावानं ओळखले जातात आणि हे आकडे पाठ करण्यासारखे आहेत. ३०५४ म्हणजे रस्ते आणि पुलांची देखभाल-दुरुस्ती, ५०५४ म्हणजे त्यांवरचा भांडवली खर्च, नवं काम. जिल्हा नियोजन समितीकडून जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना मिळणारा निधी प्रामुख्यानं या दोन शीर्षांतून येतो. तिसरा आकडा २५१५. ग्रामविकास विभागाकडून, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी हा पैसा येतो. तालुक्यातल्या कुठल्याही कार्यकर्त्याला ‘पंचवीस-पंधरा’ म्हणा, तो लगेच कोणत्या गावाला किती मिळाले ते सांगू लागेल.

जिल्हा नियोजन समिती हे यातलं खरं ठाणं. पालकमंत्री तिचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा आराखडा साधारण हिवाळ्यात तयार होतो आणि अर्थसंकल्पाआधी राज्यस्तरावर त्याच्यावर शेवटचा हात फिरतो. मार्चमध्ये जाऊन कामं सुचवणारे उशिरा पोचतात. जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत खर्च करता येतो, त्यामुळे ‘यंदाचा निधी परत गेला’ असं कुणी सांगितलं तर नक्की कोणता निधी आणि कोणत्या वर्षाचा, हे विचारायला हरकत नाही.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० पासून आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेला तिचा चौथा टप्पा अजून बारमाही रस्त्यानं न जोडलेल्या वस्त्यांसाठी आहे. सपाट भागात किमान ५०० लोकसंख्या लागते, डोंगराळ आणि आदिवासी भागांत २५०. देशभरात अशा २५,००० वस्त्या आणि ६२,५०० किलोमीटर रस्ते असं तिचं लक्ष्य आहे. आपल्याकडे तिच्या जोडीला २०१५ पासून मुख्यमंत्री ग्राम सडक योजना आहे. प्रधानमंत्री योजनेच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात असते आणि ते रस्त्याच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर लिहिलेलं असतं. फलकावरची काम पूर्ण झाल्याची तारीख बघा आणि पाच वर्षं मोजा. त्या मुदतीत साइडपट्टी खचली, पट्टे पुसले गेले, तर नव्या निधीची गरजच नाही.

आमदार निधी वर्षाला पाच कोटी, खासदार निधीही पाच कोटी. खासदार निधी १९९३ च्या डिसेंबरपासून आहे. आमदार-खासदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. या निधीतून टिकाऊ मालमत्ता उभी राहावी अशी अपेक्षा असते, म्हणून मोरीचा कठडा, संरक्षक भिंत, पादचारी मार्ग असली मागणी इथं चांगली बसते. नुसतं पट्टे मारायचं काम घेऊन जाल तर फाइल फिरत राहील.

ग्रामपंचायतीच्या हातातला पैसा म्हणजे वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२०-२१ ते २०२५-२६ मध्ये, महाराष्ट्रात ग्रामीण निधीतला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना गेला. त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असायचा, उरलेला अबंधित. पुढच्या आयोगाच्या काळात टक्केवारी काय आहे ते ग्रामसेवकाकडून समजून घ्या. पद्धत तीच, ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम नसेल तर पैसा वापरता येत नाही. हा आराखडा दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या मोहिमेत तयार होतो. ‘अबंधित’ हा शब्द ग्रामसभेत उच्चारा. शाळेसमोरचे फलक, दोन गतिरोधक, वळणावरचे सौरदिवे एवढं काम त्यात सहज बसतं.

दिव्यांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. साधे पथदिवे मागायच्या आधी त्यांचं वीजबिल कोण भरणार हे विचारा. बिलाची थकबाकी झाली की दिवे विझतात आणि अंधारातला खांब हा गाडीला धडकायला आणखी एक अडथळा होतो.

शहरात वाट वेगळी आहे. तिथं प्रभागाचा निधी, नगरोत्थान योजना, वस्ती सुधार योजना असतात आणि नगरसेवक हाच मोठा दरवाजा असतो. पुण्यात मात्र महापालिकेनं २००६ पासून नागरिकांच्या सूचनांना अंदाजपत्रकात जागा देण्याची रीत सुरू केली. एका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा अनेक वर्षं होती आणि पदपथ, दिवे, थांबे अशी छोटी कामं लोक त्यातून सुचवत आले. कल्पना उत्तम आहे. ती उचलून तुमच्या नगरपरिषदेत मांडायला कुणाची बंदी नाही.

अंदाजपत्रकात नक्की काय मागायचं

इथं थोडा वेळ द्या, कारण खरी लढाई इथं आहे. कनिष्ठ अभियंता रस्त्याचं अंदाजपत्रक करतो तेव्हा त्याच्यापुढे लांबी ठरलेली असते आणि रक्कमही ठरलेली असते. वीस लाखांत किती मीटर डांबर बसेल, हा त्याचा हिशेब. गावालाही जास्तीत जास्त लांबी हवी असते. दोघं मिळून ज्याला कात्री लावतात ते म्हणजे साइडपट्टी, मोरी, फलक आणि पट्टे. शंभर मीटर डांबर कमी करा पण हे घ्या, असं ग्रामसभेतून सांगणारं गाव विरळा. ते तुमचं गाव व्हावं असं मला वाटतं.

सगळ्यांत आधी साइडपट्टी. ग्रामीण रस्त्याचं डांबर साधारण तीन ते पावणेचार मीटर रुंद. समोरून उसाची ट्रॉली आली की दुचाकीला खाली उतरावंच लागतं. दरवेळी डांबराचा नवा थर चढतो, कडेचा मुरूम तिथंच राहतो आणि मध्ये वीतभर कडा तयार होते. त्या कडेवरून चाक घसरणं हा गावरस्त्यावरचा सगळ्यांत मुरलेला अपघात. अंदाजपत्रकात ‘कठीण मुरुमाची साइडपट्टी, दबाईसह’ ही बाब आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ‘दबाईसह’ नसेल तर पहिल्या पावसात मुरूम ओढ्यात जाईल.

दुसरं, मोरी आणि ओढ्यावरचे फरशी पूल. कठडे नसतील तर कडेला पांढरे-काळे रंगवलेले दगड तरी, आणि त्यांवर परावर्तक. रात्री, पावसात, मोरीची कड दिसणं एवढंच माणूस वाचायला पुरतं.

तिसरं, वळण. वळणाच्या आतल्या बाजूला वेडी बाभूळ माजलेली असते आणि समोरचं काही दिसत नाही. झुडपं काढणं हे सगळ्यांत स्वस्त काम, आणि तेच कुणी करत नाही. त्याच्या जोडीला वळणाआधीचा सूचना फलक आणि वळणावर बाण दाखवणारे शेवरॉन फलक मागा. हे सगळं भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांत आहे, बांधकाम खात्याच्या दरसूचीत फलक आणि थर्मोप्लास्टिक पट्ट्यांचे दर असतात. म्हणजे अभियंत्याला काही नवं शोधायचं नसतं, फक्त ती ओळ जोडायची असते. ‘हे दरसूचीत नाही’ असं ऐकायला मिळालं तर दरसूची बघायला मागा.

चौथं, तिठा. गावरस्ता जिथं प्रजिमाला किंवा महामार्गाला मिळतो, तिथं गतिरोधक हवा तो गावरस्त्यावर, म्हणजे लहान रस्त्यावर. लोक मागतात मोठ्या रस्त्यावर. भारतीय रस्ते परिषदेचं मार्गदर्शन लहान रस्त्यावरच्या गतिरोधकाचं आहे आणि ते शहाणपणाचं आहे. गावातून येणारा ट्रॅक्टर थांबला तर निम्मी टक्कर टळते.

गतिरोधकाविषयी जरा सविस्तर बोलू, कारण गावाला गतिरोधक फार आवडतो. अपघात झाला की रात्रीत मुरूम-सिमेंट टाकून एक उंचवटा करून टाकायचा, ही आपली रीत झाली आहे. भारतीय रस्ते परिषदेनं गोलाकार गतिरोधकाचं माप दिलं आहे: गाडीच्या वाटेत ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटीमीटर उंच, २५ किलोमीटरच्या वेगानं जाता येईल असा. त्यावर काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी फलक. गावात टाकलेला गतिरोधक असतो हातभर रुंद आणि फूटभर उंच. फलक नाही, रंग नाही. त्यावर दुचाकीवर मागे बसलेली बाई उडून पडते, बाळंतपणाला निघालेली रुग्णवाहिका थांबते आणि तोच अपघाताचं कारण ठरतो. राज्य मार्गावर आणि प्रमुख जिल्हा मार्गावर गतिरोधक हवा असेल तर परवानगीनंच बसवा. राष्ट्रीय महामार्गावर त्याचा हट्ट सोडा. तिथं रंबलर, उंच दुभाजक, भुयारी मार्ग यांसाठी भांडा.

पुरावा गोळा करा

अधिकाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यापुढे कागद ठेवलेला बरा. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा असा पट्टा ब्लॅक स्पॉट, जिथं तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले किंवा दहा मृत्यू झाले. गावरस्त्यावर हा आकडा क्वचितच भरतो, कारण तिथले निम्मे अपघात पोलीस ठाण्यापर्यंत जातच नाहीत. हात मोडला, वैद्यबुवांनी बांधला, विषय संपला. पोलीस आता अपघातांची नोंद ई-डार या प्रणालीत करतात, पण जे ठाण्यात आलं नाही ते तिथंही नाही.

म्हणून गावानं आपली वही ठेवावी. तारीख, वेळ, ठिकाण साखळीसह, वाहन कोणतं, काय झालं, दवाखाना कोणता. जखमीचं नाव लिहायची गरज नाही. प्रत्येक ठिकाणाचा मोबाइलवर जिओ टॅगचा फोटो, दिवसाचा आणि रात्रीचा. पोलीस ठाण्याकडून त्या रस्त्यावरच्या तीन वर्षांच्या गुन्ह्यांची यादी माहिती अधिकारातून मागवा. अर्ज शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आणि लक्षात ठेवा, महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. लांबलचक अर्ज लिहाल तर नाकारायला आयतं कारण मिळेल.

निवेदन कसं लिहावं, तर असं:

‘मा. कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद. विषय: ग्रामीण मार्ग क्र. ___ कि.मी. ३/२०० ते ३/७०० च्या सुधारणा कामाच्या अंदाजपत्रकात सुरक्षेच्या बाबी समाविष्ट करणेबाबत. महोदय, सदर लांबीत मौजे ___ येथील जिल्हा परिषद शाळा, तीव्र वळण व कठडे नसलेली मोरी आहे. मागील तीन वर्षांत येथे झालेल्या अपघातांची यादी व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. या कामास तांत्रिक मान्यता देण्यापूर्वी खालील बाबी अंदाजपत्रकात घ्याव्यात: दोन्ही बाजूंस दबाईसह साइडपट्टी, मोरीस कठडे, वळणावर शेवरॉन फलक, शाळेपुढे मानकाप्रमाणे गतिरोधक व सूचना फलक, कडेचे थर्मोप्लास्टिक पट्टे. ग्रामसभेचा ठराव क्र. ___ सोबत आहे. आवश्यक असल्यास डांबरीकरणाची लांबी कमी करण्यास ग्रामसभेची संमती आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते वाचून अभियंता खुर्चीत सरळ बसतो, कारण त्याची खरी अडचण तुम्ही सोडवलेली असते. आणि ‘तांत्रिक मान्यता देण्यापूर्वी’ हे शब्दही तसेच ठेवा. प्रशासकीय मान्यता म्हणजे काम आणि रक्कम मंजूर. तांत्रिक मान्यता म्हणजे त्या रकमेत काय काय करायचं ते पक्कं. या दोन्हींच्या मधला काळ तुमचा. त्यानंतर निविदा, कार्यारंभ आदेश, आणि मग ‘आता बदल करता येत नाही’.

जिल्हाधिकाऱ्यांची समिती

जिल्ह्यात एक व्यासपीठ असं आहे की ज्याचा उपयोग गावं फारशी करत नाहीत. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते अपघातांबाबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून न्यायालयानं न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांची समिती नेमली आणि ३० नोव्हेंबर २०१७ ला सविस्तर आदेश दिले. प्रत्येक राज्यात रस्ता सुरक्षा निधी असावा, त्यात वाहतूक दंडाचा पैसा जावा, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असावी, हे त्या आदेशांतलंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्येही अशा समित्यांची तरतूद आहे. आपल्याकडे जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात. पोलीस, परिवहन, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, आरोग्य ही खाती एका टेबलाशी बसतात.

या समितीला तुमच्या रस्त्याचं निवेदन द्या, वहीची प्रत जोडून, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घ्या असं स्पष्ट लिहा. दोन खात्यांच्या हद्दीवर अडकलेला तिठा इथंच सुटू शकतो, कारण ‘तो त्यांचा भाग’ म्हणणारे दोघंही समोरासमोर असतात. बैठकीनंतर इतिवृत्ताची प्रत मागा. इतिवृत्तात तुमच्या गावाचं नाव आलं की पुढच्या जिल्हा नियोजन समितीत आमदाराला तोच कागद फडकवता येतो.

लोकशाही दिनाला मात्र जाऊ नका, निदान या कामासाठी नाही. तिथं तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. सार्वजनिक रस्त्याचा अर्ज बहुधा परत येतो. खड्ड्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाचं पीसीआरएस ॲप आणि ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांसाठी ‘मेरी सडक’ ॲप आहे. फोटो टाका, तक्रार क्रमांक जपून ठेवा. आणि आचारसंहितेचा अंदाज घेऊन चला. निवडणूक लागली की मान्यता थांबतात आणि ऑक्टोबरात हललेली फाइल जानेवारीत तिथंच सापडते.

काम चालू असताना

पट्टे, फलक, साइडपट्टी ही शेवटची कामं असतात आणि शेवटचीच कामं राहून जातात. ठेकेदाराचं डांबर झालं की यंत्रसामग्री दुसऱ्या गावाला जाते. त्यामुळे अंतिम देयक निघायच्या आधी उपअभियंत्याला लेखी कळवा की अंदाजपत्रकातल्या अमुक बाबी जागेवर नाहीत. त्याच्यासाठी अंदाजपत्रकाची प्रत हातात हवी, ती कार्यारंभ आदेशाच्या आठवड्यातच मागून ठेवा. पुढे वाद झालाच तर मोजमाप पुस्तिकेची प्रत माहिती अधिकारात मागता येते. न लावलेल्या फलकाचं मोजमाप तिथं नोंदलेलं असेल, तर मग तो फक्त रस्त्याचा विषय राहत नाही. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायची मुदत किती, हेही लिहून घ्या. ठेकेदाराची सुरक्षा ठेव त्या मुदतीपर्यंत सरकारकडे असते.

निविदा कमी दरानं गेली की पैसे वाचतात. ‘त्या बचतीत दोन फलक लावून टाका’ असं ठेकेदाराला परस्पर सांगू नका. त्याला सुधारित मान्यता लागते आणि ती मागायची असेल तर अभियंत्याकडे, लेखी.

कायद्याचा धाक किती? २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम तोकडी आहे, पण निवेदनात या कलमाचा उल्लेख केल्यावर फाइलीवरचा शेरा बदलतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई देण्याचे आदेश दिले. जीव गेल्यानंतर पैसा देण्यापेक्षा मोरीला कठडा स्वस्त पडतो, हे आता हिशेबानंही सिद्ध करता येतं. मागणी करताना हा हिशेब मांडायला विसरू नका.

हे सगळं एका माणसाचं काम नाही आणि सरपंचावर सोडून देण्याचंही नाही. शाळा व्यवस्थापन समितीचे दोन पालक, दूध संस्थेचा एक जण, रोज त्या रस्त्यानं जाणारी आशाताई किंवा अंगणवाडी सेविका, एवढी चार माणसं पुरेत. येत्या आठवड्यात त्यांनी शाखा अभियंत्याकडून रस्त्याचा क्रमांक आणू दे, ग्रामपंचायतीत नमुना २३ बघू दे आणि अपघातांची वही सुरू करू दे. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागेल तेव्हा ठरावाचा मसुदा तयार असला पाहिजे.